अप्पांची घरपाहणी

विरूपाक्षअप्पा कुणाशीही बोलायला लागले की त्यांचा उजवा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरायला लागे. आयुष्यभर तूर तळहातावर घेऊन बघितलेल्या माणसाचा तो अंगठा होता. समोर प्राचार्य असोत, तहसीलदार असोत की स्वतःचा जावई, तो थांबत नसे. थांबला की समजावं, भाव ठरला.

लातूरच्या मार्केट यार्डात त्यांची आडत होती. पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेले चार दाणे ते बघत, त्यातला एक दाताखाली धरत आणि ओल किती, खडा किती, माल कुठल्या शिवारातला, हे सांगून मोकळे होत. एकदा माझ्यासमोर त्यांनी एका शेतकऱ्याला म्हटलं, "वर चांगलं भरलंय, तळाला भिजकं हाय. पोतं उलटं कर." पोतं उलटं केलं, तर तसंच निघालं. तो माणूस त्यांच्या पाया पडला. लबाडी पकडणाऱ्याच्या पाया पडायची आमच्याकडं पद्धत आहे. लबाडी न करणाऱ्याच्या कुणी पडत नाही.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि पायांत दर दोन महिन्यांनी शिवून घेतलेली तीच चप्पल. पैसा होता, पण तो अंगावर दिसू द्यायचा नाही असा नेम. "माल गोदामात असावा, दुकानात नमुना," असं ते म्हणत. मी लातूरच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि इतिहास शिकवणाऱ्याला वेळच वेळ असतो अशी आमच्या प्राचार्यांची श्रद्धा आहे. त्यामुळं अप्पांचा नि माझा संबंध आला.

अप्पा एका सकाळी प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसले. म्हणाले, "आमच्या अव्वाच्या नावानं कायतरी करायचं हाय." उदगीर-देवणीकडं कानडीची हद्द लागते, तिकडं आईला अव्वा म्हणतात. अव्वा, म्हणजे नागम्मा, वारून बरीच वर्षं झाली होती. प्राचार्यांनी आधी कमान सुचवली.

"कमानीखालनं ढोरं बी जातात," अप्पा म्हणाले.

मग सभागृह. सभागृहाला आधीच एका माजी आमदारांच्या वडिलांचं नाव होतं. मग पाणपोई. अप्पांना ती लहान वाटली. शेवटी शिष्यवृत्ती ठरली. आमच्याकडून बारावी होऊन पुढं शिकायला बाहेर जाणाऱ्या गरीब मुलामुलींच्या राहण्याजेवणाचा खर्च अप्पा करणार. प्राचार्य खूश झाले आणि म्हणाले, "आपण गुणवत्तेनुसार यादी लावू."

"गुण तुम्ही बघा सर," अप्पा म्हणाले. "गरिबी मी बघतो."

"त्याला उत्पन्नाचा दाखला असतो ना अप्पा."

"दाखला माझ्या पुतण्याकडं बी हाय. त्याच्या दारात दोन गाड्या हायती."

अशा रीतीनं मातोश्री नागम्मा शिष्यवृत्तीला एक अट जोडली गेली, जी कुठंच लिहिलेली नव्हती आणि जिच्याशिवाय कुणालाच काही मिळत नव्हतं. अप्पा प्रत्येक अर्जदाराचं घर स्वतः बघणार. कॉलेजच्या वतीनं सोबत कुणीतरी हवं म्हणून मी.

पहिली अडचण अव्वांच्या फोटोची आली. त्यांचा फोटोच नव्हता. होता तो कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या अंबाड्यामागं. फोटो स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तो चेहरा सोडवून घेतला, उरलेला अर्धा स्वतः बनवला आणि इरकल नेसलेल्या कुणा दुसऱ्याच बाईच्या धडावर बसवला. अप्पा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"पाटल्या घाल."

"घातल्यात अप्पा. ह्या काय."

"दोन दोन कुठं चालतात? चार चार घाल. आणि गळ्यात बोरमाळ."

"बोरमाळ घातली की लिंगाचा दोरा झाकतोय."

"मग दोरा वर घे. दोन्ही दिसलं पाहिजे."

मी विचारलं, अव्वा एवढं सोनं घालत होत्या का? अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "घालायचं राहिलं," म्हणाले. त्या दोन शब्दांपुरता मला माणूस आवडला. मग त्यांनी स्टुडिओवाल्याला फोटोचा आकार सांगितला. तो संस्थापकांच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा निघाला आणि संस्थेत महिनाभर त्यावरून बैठका झाल्या.

घरपाहणीचं तंत्र असं. अप्पा दारात थांबून आधी चपला बघत. कुणाच्या, किती, केवढ्याच्या. मग आत. बसा म्हटलं तरी बसत नसत. आधी स्वयंपाकाची जागा. पिठाचा डबा उघडून आत हात घालत, पीठ अंगठ्यानं चोळत. ज्वारीचं असलं तर हुं. गव्हाचं असलं तर हुं हुं. तेलाची बाटली उजेडाकडं धरून बघत. कॉटखाली वाकून बघत. एका घरी कॉटखाली आजोबा झोपले होते. ते दचकून उठले, त्यांचं डोकं आपटलं, आणि अप्पा त्यांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, झोपा. तुमचं बघून झालं."

हे सगळं चालू असताना ज्याला पुढं डॉक्टर, इंजिनिअर किंवा नर्स व्हायचं आहे ते पोर भिंतीला टेकून उभं असे. गुणपत्रिका हातात. ती कुणी मागत नसे.

दुसऱ्या वर्षी लातुरातल्याच एका वस्तीत तीन अर्जदार होते. पहिल्या घरात एक वाकळ होती, एका कोपऱ्यात जळालेली, हिरव्या लुगड्याच्या पट्टीनं सांधलेली. अर्ध्या तासानं दुसऱ्या घरात तीच वाकळ होती. तिसऱ्या घरात आम्ही चहा नको म्हणेपर्यंत ती मागच्या दारानं आली, कारण आधी नव्हती आणि मग होती. तिन्ही घरांतली माणसं खाली मान घालून उभी होती. अप्पांनी तिन्ही अर्ज पास केले. ज्या माणसाला पोत्याच्या तळाचा भिजका दाणा वरून कळतो त्याला एक वाकळ तीनदा कळू नये, याचं मला नवल वाटलं. मी गप्प बसलो. तीन पोरांचं भलं होत होतं आणि वाकळ माझी नव्हती.

मग दरवर्षीचा सोहळा. फ्लेक्सवर अव्वा, अव्वांच्या खाली अप्पा, अप्पांच्या खाली नखाएवढे विद्यार्थी. पोरांना स्टेजवर बोलवून अव्वांच्या फोटोला फूल वाहायला लावत आणि मग "परिस्थितीबद्दल दोन शब्द" बोलायला लावत. परिस्थिती हा शब्द आमच्याकडं श्रीमंतांना नसते अशा गोष्टीसाठी वापरतात. बहुतेक मुली दुसऱ्या वाक्याला रडत. अप्पांची मान हळूहळू हालत राही, माल पसंतीला उतरल्यासारखी. एका वर्षी अनिल नावाच्या पोरानं माईक धरून सांगितलं, "आमचे बाबा आधी लई पीत होते, आता सोडलंय. भावाला काम लागलंय. आता बरं चालू हाय. थँक्यू." आणि हसून खाली उतरला. अप्पा प्राचार्यांच्या कानाला लागले. "बरं चालू हाय तर ह्याला कशाला दिली?"

अन्याय नको. दिलेला शब्द अप्पांनी कधी मोडला नाही, पोरांचा मेसचा खर्च कधी थकवला नाही, आणि त्यांच्या जिवावर शिकलेल्या नर्सा आज तीन जिल्ह्यांत इंजेक्शनं देतात. आमच्या इतर दानशूरांनी आश्वासनांवर शाली घेतल्या. अप्पांनी घेतली ती शाल रोख होती. म्हणूनच त्यांना कुणी काही बोलत नव्हतं. मीही नाही.

शीतल आमच्याकडं बारावीला होती. बोलताना वाक्य मध्येच थांबवून आधी मनात तपासून घ्यायची, मग पूर्ण करायची. गणितात तिचं कधी चुकलेलं मी ऐकलं नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला तिला इंजिनिअरिंगची जागा मिळाली. फीचं सरकारी सवलतीतून जमत होतं. होस्टेल, मेस आणि वह्यापुस्तकांचं जमत नव्हतं. गाव देवणीच्या पुढं, हद्दीजवळ. वडील ग्यानोबा स्लॅबच्या सेंट्रिंगवर जाणारे, आई सुमनबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. धाकटी एक बहीण, पूजा, दहावीत. सोमवारपर्यंत नांदेडला जाऊन जागा पक्की करायची होती. अप्पांनी हो म्हटलं तर जायचं, नाही तर नाही. तिसरा रस्ता नव्हता.

गाव लांब. आम्ही जावं आणि घराला कुलूप असावं, हे नको म्हणून मी आदल्या दिवशी फोन केला. आयुष्यात काही चुका माणूस सद्भावनेनं करतो आणि त्या जास्त टिकतात. मी ग्यानोबांना म्हटलं, "उद्या अप्पा स्वतः येतायत. मोठा माणूस आहे. सगळे घरी थांबा."

"मोठा माणूस" एवढेच शब्द त्यांनी धरले.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सडा होता, सड्यावर रांगोळी होती. आत पाच लाल खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर गावातल्या मंडपवाल्याचं नाव पांढऱ्या रंगात. टेबलावर घड्या न मोडलेली चादर. कोपऱ्यात टेबलफॅन, त्याची वायर खिडकीतून बाहेर जाऊन शेजारच्या खिडकीत शिरलेली. ग्यानोबांच्या अंगात पांढरा शर्ट, पण तो कुणा जाड माणसाचा होता. आतमध्ये तुपात रवा भाजल्याचा वास.

"या अप्पा, या. आमच्या घरला पाय लागले," ग्यानोबा म्हणाले. त्यांनी अप्पांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. अप्पांना पहिल्यांदाच कुणी आधी बसवलं. स्वयंपाकाच्या जागेकडं जायची सवडच दिली नाही. ग्यानोबा शेजारच्या खुर्चीत बसले आणि आपल्या मुलीविषयी बोलायला लागले. मागितल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं.

शिरा आला. वर काजू, बेदाणे. मागून भजी. मग कपबशीतून चहा.

"काजू हितं मिळतात?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई, उदगीरहून आणले. तुम्ही येणार म्हणल्यावर."

मी ताट उचललं तर काठावर कोरलेलं होतं, सौ. कमल. अप्पांच्या ताटावर दुसरंच नाव होतं. पाण्याच्या तांब्यावर तिसरं, शिऱ्याच्या परातीवर चौथं. आमच्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात, म्हणजे ते उसनं गेलं तरी घरी परत येतं. त्या एका खोलीत मी चार नावं वाचली आणि ग्यानोबांच्या घरातलं एकही त्यात नव्हतं. घरातल्या कुणी हे बोलून दाखवणं शक्यच नव्हतं. पाहुण्याला, बाबा, तू जेवतोस ते ताट शेजारणीचं आहे, असं सांगायचं नसतं. हे आमच्याकडं शाळेत शिकवत नाहीत, तरी सगळ्यांना येतं. दाराआडून पूजा परातीकडं बघत होती. सुमनबाई आग्रह करत होत्या, "घ्या की अप्पा, अजून लई हाय." परात मला दिसत होती. लई नव्हता. अप्पांनी दुसऱ्यांदा घेतला.

मग त्यांनी शीतलला जवळ बोलावलं. "नांदेडला जाऊन काय करणार गं?"

"तिथं धरण हाय ना अप्पा, गोदावरीवर. तसल्या धरणावर काम करणार. पाणी किती आलं, गेटं किती उघडायची…" ती थांबली, मनात तपासलं. "ते गणितच असतंय."

"पोरीनं गेटं उघडायची? ताकद पुरंल का?"

"बटण असतंय अप्पा."

सगळे हसले. अप्पाही हसले. पण मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. अंगठा थांबला होता.

गाडी गावाबाहेर आल्यावर ते म्हणाले, "न्हाई बसत."

"का?"

"खातंपितं घर हाय."

"अप्पा, ते सगळं उसनं होतं. ताटांवरची नावं वाचली नाहीत तुम्ही?"

"वाचली की. चार घरची भांडी. पंखा शेजाऱ्याचा, वायर बघितली मी. खुर्च्या मंडपवाल्याच्या, शर्ट भावाचा असंल न्हाईतर मेव्हण्याचा."

"मग?"

"मग काय मग? सर, तुम्ही पुस्तकं वाचता, माणूस वाचत न्हाई. ज्याला चार घरं भांडी देतात, मंडपवाला खुर्च्या देतो, त्याची गावात पत हाय. आणि पत म्हंजीच पैसा. खऱ्या गरिबाला शेजारी फुटका तांब्या देत न्हाई."

या तर्काला उत्तर नव्हतं असं नाही. शेजारी ताट देतात, मेसचा खर्च देत नाहीत, हे ते उत्तर. पण ते मला उदगीर मागं पडल्यावर सुचलं. तोवर मी वेगळंच बोललो होतो. म्हटलं, "मागं त्या वस्तीत तीन घरांत एकच वाकळ होती. ते चाललं तुम्हाला?"

मला वाटलं होतं, ते चमकतील. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठाऊक हाय मला. हिरव्या पट्टीची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी लबाडी केली, पण माझ्यासमोर खाली मान घालून केली. मान दिला. ह्यानं काय केलं? माझ्यासाठी खुर्ची टाकली ती टाकली, आन् आपुन बी शेजारी खुर्ची घेऊन बसला. पोरगी बी तशीच. मला शिकवती, बटण असतंय म्हणून." थोडं अंतर गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "देणाऱ्याच्या बराबरीला बसणाऱ्याला देऊ नये. त्याला पचत न्हाई."

उरलेला रस्ता त्यांनी डुलकी काढली. डोक्यावर ग्यानोबांनी घातलेली टोपी तशीच होती.

मी काय केलं? मी पगारी माणूस. माझ्या पगारात एका मुलीचा मेसचा खर्च अगदीच बसला नसता असं नाही. त्या दिवशी हा विचार माझ्या मनात आला, आणि कॉलेजचा माणूस म्हणून आपलं काम शिफारस करणं आहे, देणं नव्हे, हाही आला. दुसरा विचार मला जास्त सभ्य वाटला. मी प्राचार्यांना एक टिपण लिहून दिलं. त्यात "फेरविचार व्हावा" असे शब्द होते. त्यांनी ते फाइलला लावलं.

शीतलला फोन मीच केला. म्हटलं, "यंदा जागा कमी होत्या."

मागून सुमनबाईंचा आवाज आला, "इचार की गं सरांना, अप्पाला शिरा आवडला न्हाई का?"

सोमवार आला आणि गेला. विष्णुपुरीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. शीतलनं उदगीरला बी.एस्सी.ला नाव घातलं, रोज एसटीनं जायचं-यायचं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती लातूरला आली तेव्हा माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, जागा कमी नव्हत्या. माझ्या मागच्या नंबरला मिळाली. आमचं काय चुकलं?"

तिला खोटं उत्तर पुन्हा द्यायचं मला धाडस झालं नाही. म्हटलं, "खुर्च्या."

ती थांबली. नेहमीसारखं मनात तपासून घेतलं. "सगळ्याच काढायच्या होत्या, का बाबानं फक्त खाली बसायचं होतं?"

मी म्हटलं, "दोन्ही." तिनं मान हलवली, दाखल्याची घडी घातली आणि गेली. गणित सुटल्यावर पोरं जशी पुन्हा एकदा वरपासून तपासतात, तसं तिनं पायरीवरून एकदा मागं वळून बघितलं.

त्या वर्षीच्या सोहळ्यात अप्पांनी अव्वांची एक आठवण सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती. "आमच्या घरला पाव्हणा आला," ते म्हणाले, "की अव्वा मागच्या दारानं जायची. शेजारणीकडनं वाटीभर साखर आणायची, कप आणायची. पाव्हण्याला कधी कळू दिलं न्हाई. आमच्यात खायला नसायचं, पण पाव्हणा म्हणायचा, नागम्माच्या घरी कमी कायच न्हाई!" त्यांनी अव्वांच्या फोटोकडं हात केला. "ही खरी श्रीमंती! आजच्या पोरांनी हे शिकावं!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं ते मध्येच थांबतील, आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू येईल. नाही आलं. माणसाला आपली आई आणि दुसऱ्याची आई एकाच रांगेत उभी केलेली दिसत नाही. मधे पाटल्या येतात.

दोन वर्षांनी अप्पांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. अर्जांवर सह्या घ्यायला मला प्राचार्यांनी दवाखान्यात पाठवलं. आमची तीच शेवटची भेट. अप्पा पलंगावर पाय लांब करून पडले होते, भस्म लावलेलं, उशीला टेकलेले. मी म्हटलं, यंदा घरपाहणी राहू द्या. ते म्हणाले, "कशाला ऱ्हाऊ द्या? मोबाइल काय फक्त नाचगाणी बघायला काढलाय?"

त्यांनी व्हिडिओ कॉलवर घरं बघायला सुरुवात केली होती. मी शेजारी बसून नाव पुकारायचं, त्यांनी बघायचं. "फिरव. चुलीकडं फिरव. डबा उघड. वरनं नगं, आतनं दाखव." दोन घरं झाली. तिसऱ्या अर्जावरचं नाव मी वाचलं आणि थांबलो. पूजा. वडील ग्यानोबा, मुक्काम तोच. मी अप्पांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. परत पाठवलेला माल त्यांच्या ध्यानात राहत नसे.

कॉल लागला. मोबाइल कुणीतरी धरला होता, हात अजिबात हलत नव्हता. खोली रिकामी होती. कॉट नाही, टेबल नाही. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली चौकोनी पांढरा डाग, म्हणजे कॅलेंडरसुद्धा काढून नेलं होतं. मागं अंगणात तीन दगडांची चूल. गॅसची टाकी कुठं नेऊन ठेवली असेल ते देवच जाणे. ग्यानोबा जमिनीवर बसले होते. बनियनवर, मान खाली. दोन वर्षांत ते ती नीट घालायला शिकले होते.

"जरा बाजूला हो आई, उजेड येऊ दे," मोबाइलमागून आवाज आला. तो आवाज मला ओळखू आला.

"डबा," अप्पा म्हणाले.

डबा आला. तळाला बोटभर ज्वारीचं पीठ. अगदी बोटभर. जास्त असतं तर शंका आली असती, नसतंच तर नाटक वाटलं असतं. हे प्रमाण कुणीतरी विचार करून काढलं होतं.

"चपला?"

चित्र दारात गेलं. एकच जोड, तुटक्या पट्ट्याची.

पूजा भिंतीला टेकून उभी होती. अप्पांनी विचारलं, "काय शिकणार गं?"

"तुम्ही म्हणाल ते अप्पा," पूजा म्हणाली. मोबाइलमागून कुणीतरी श्वास सोडला.

अंगठा थांबला. अप्पांचा चेहरा मऊ झाला. ते सुमनबाईंना म्हणाले, "बाई, काळजी करू नगा. बरा झालो की येऊन जातो एकदा तुमच्या घरला."

सुमनबाईंचं तोंड उघडलं. या म्हणायला उघडतं तसं. मग त्यांनी मोबाइल धरणाऱ्या मुलीकडं बघितलं आणि तोंड मिटलं. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज सपाट होता.

"कशाला अप्पा. बसायला काय न्हाई आमच्यात."

कॉल बंद करायला मोबाइल उलटा झाला, तेव्हा क्षणभर शीतलचा चेहरा पडद्यावर आला. ती आमच्याकडं बघत नव्हती. लाल बटण शोधत होती.

अप्पांनी मोबाइल छातीवर पालथा ठेवला आणि चादरीच्या टोकानं डोळे पुसले. खरंच पुसले, मी हातभर अंतरावर होतो. "अशी माणसं ऱ्हायली न्हाईत सर," ते म्हणाले. मग हात लांब करून त्यांनी माझ्या मांडीवरच्या अर्जावर बोट ठेवलं.

"लिहा. पसंत."

मी लिहिलं.